गुनुंगकिदुलची वाडी की चिकारांगची कॉलनी: जावात राहायचं तर कुठे?

तू फोनवर विचारलंस, "मावशी, सासरच्या गावी राहू की चिकारांगला घर घेऊ?" आणि मी म्हटलं लिहून पाठवते, कारण फोनवर मी त्या दिवशीच्या मूडप्रमाणे एकच बाजू बोलत बसले असते. मी इंडोनेशियातल्या जावा बेटावर २०१२ पासून आहे. पहिली सहा वर्षं गुनुंगकिदुलच्या दक्षिणेकडच्या एका वाडीत सासूसासऱ्यांबरोबर काढली, मग मुलाच्या शाळेसाठी आणि नवऱ्याच्या नोकरीसाठी चिकारांगला आलो ते अजून इथेच आहोत, म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. जावईबापूंचं गाव आमच्या गावापासून मोटरसायकलवर वीस मिनिटं, त्यामुळे मी बोलतेय ते बऱ्यापैकी तुझ्याच घराबद्दल आहे. लग्नाचं, धर्माचं, नोंदणीचं सगळं तुमचं पार पडलंय म्हणून त्यात शिरत नाही.

मत आधीच सांगते. तुझं पुण्याच्या कंपनीचं ऑनलाइन अकाउंट्सचं काम टिकणार असेल तर गाव. ते टिकणार नसेल आणि दोघांनी गावातच कमवून गावातच खायचं असं गणित असेल तर चिकारांग, त्यात मला शंका नाही. आता का ते वाच.

आधी जागा समजून घे

गुनुंगकिदुल म्हणजे योग्याकार्ता प्रांताचा आग्नेयेकडचा जिल्हा. जिल्ह्याचं ठिकाण वोनोसारी, योग्याकार्ता शहरापासून साधारण ४० किलोमीटर, मधे पातुकचा घाट. दक्षिणेकडचा सगळा भाग चुनखडीच्या लहान लहान गोल टेकड्यांचा, त्याला गुनुंग सेवू म्हणजे हजार डोंगर म्हणतात, आणि २०१५ साली युनेस्कोच्या ग्लोबल जिओपार्कच्या यादीत तो आला. फोटोत बघशील तर कोकणच वाटेल, नारळ, केळी, साग, लाल कौलं. पण ते पावसाळ्यातले फोटो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तोच भाग माझ्या जत तालुक्यासारखा दिसतो, सागाची पानं गळून गेलेली, जमीन पांढरट आणि रस्त्याने पाण्याचे टँकर चाललेले.

तुझ्या सासरची जी वस्ती आहे तिला पादुकुहान म्हणतात, म्हणजे आपली वाडी, अशा बऱ्याच वाड्या मिळून एक कालुराहान. इंडोनेशियात इतरत्र ज्याला देसा म्हणतात (हो, आपलाच देश शब्द) त्याला योग्याकार्तात आता कालुराहान म्हणतात, प्रमुखाला लुराह. वाडीचा प्रमुख दुकुह, आणि त्याच्या खाली आरटी म्हणजे पाचपन्नास घरांचा एक गट. हे नीट लक्षात ठेव कारण गावात तुझं कुठलंही काम आरटीच्या प्रमुखाच्या दारातून सुरू होतं.

चिकारांग बेकासी जिल्ह्यात, जकार्ताच्या पूर्वेला. जबाबेका, एमएम २१००, डेल्टा सिलिकॉन अशा मोठमोठ्या इंडस्ट्रियल इस्टेट, जपानी-कोरियन कारखाने, त्यांच्या भोवती घरांच्या कॉलन्या आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगा, त्यांना कोन्त्राकान म्हणतात. चाकण आणि भोसरी एकत्र करून दमट हवेत ठेव. २०१७ पासून जकार्ताची लोकल चिकारांगपर्यंत येते, हा खूप मोठा फरक पडलाय.

पैसा, म्हणजे मुख्य मुद्दा

२०२५ चं किमान वेतन बघ. गुनुंगकिदुलला महिन्याला साधारण २३ लाख ३० हजार रुपिया, बेकासी जिल्ह्यात ५५ लाख ५८ हजार. लाखांचे आकडे बघून दचकू नकोस, भारतीय रुपयांत ते साधारण बारा हजार आणि एकोणतीस हजार होतात. इथे मोजणी 'जुता'त होते, एक जुता म्हणजे दहा लाख, तर गाव सव्वादोन-अडीच जुता आणि चिकारांग साडेपाच जुता असं डोक्यात ठेव. आणि गावात तो किमान आकडाही कारखाना किंवा मोठं दुकान असेल तरच, वाडीत बहुतेकांना महिन्याचा पगार असा नसतोच. शाळेत कंत्राटी शिक्षक म्हणून राबणाऱ्या माझ्या एका जावेला तर किमान वेतनाच्या जवळपासही मिळत नव्हतं, आणि ती रोज घाट उतरून जायची.

मग गावातले लोक जगतात कशावर? हे मला पहिली दोन वर्षं कळलंच नाही. जमीन बहुतेकांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी, तीही दगडांच्या मधल्या खोलगट जागेत. नोव्हेंबरात पाऊस पडला की कोरडवाहू भात, त्याच्यात मका, शेंगदाणा, आणि बांधाला कसावा, सगळं एकाच तुकड्यात. कसावा म्हणजे ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा बनतो तोच. इथे तो सोलून उन्हात वाळवतात त्याला गापलेक म्हणतात, त्याचं पीठ करून वाफवलं की तिवुल, आधीच्या पिढीचं ते भाताऐवजी रोजचं जेवण होतं, आता पर्यटक हौसेने खातात आणि माझी सासू मात्र अजून म्हणते की ते गरिबीचं खाणं, पाहुण्याला देऊ नये. शेतातून घरचं खाणं निघतं, विकायला फारसं काही उरत नाही. खरी बचत म्हणजे गोठ्यातली एक-दोन गुरं आणि परड्यातला साग. मुलाची फी आली की वासरू विकायचं, लग्न निघालं की साग तोडायचा. बँकेत कमी आणि गोठ्यात जास्त, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

आणि रोख पैसा येतो बाहेरून. प्रत्येक घरातून कोणीतरी बाहेर आहेच, जकार्तात 'मी आयाम' (चिकन नूडल्स) नाहीतर बाक्सोची (मांसाच्या गोळ्यांचं सूप) गाडी लावणारा, बेकासीत कारखान्यात, कोणाची बायको हाँगकाँगला घरकामाला. आपले चाकरमानी जसे गणपतीला एसटी भरभरून कोकणात जातात तसे हे सगळे ईदला गावी येतात, त्या प्रवासाला मुदिक म्हणतात, कंपनीला ईदच्या आधी एक जादा पगार कायद्याने द्यावा लागतो तो खिशात घेऊन येतात, आठ दिवस गाव गजबजतं आणि मग परत म्हातारी माणसं आणि लहान मुलं. योग्याकार्ता प्रांतात वयस्कर लोकांचं प्रमाण सगळ्या देशात जास्त आहे आणि वाडीत फिरलीस की ते डोळ्यांना दिसतं. तुझ्या वयाची मैत्रीण मिळेल की नाही हा प्रश्न तुला आत्ता छोटा वाटेल, तिथे राहिल्यावर वाटणार नाही.

म्हणून तुझ्या ऑनलाइन कामावर मी एवढा जोर देतेय. पुण्याचा पगार, अगदी मध्यम असला तरी, वाडीत तुला फार चांगलं जगवेल. चिकारांगला तोच पगार घरभाडं किंवा हप्ता, मुलाची फी, पाण्याचे गॅलन, एसीचं बिल यात संपतो. वेळेचंही सोपं आहे, जावा भारतापेक्षा दीड तास पुढे, पुण्याचे दहा वाजले की तुझे साडेअकरा. वाडीत फोरजी मिळतं, टेकडीच्या मागे घर असेल तर नाही मिळत, पण २०२४ पासून स्टारलिंक इथे आलंय, तेव्हा नेट नाही म्हणून काम थांबेल अशी परिस्थिती उरली नाही. विजेचं मात्र बघून घे. जुन्या घरांना ४५० नाहीतर ९०० वॉटचं कनेक्शन असतं, पंप आणि इस्त्री एकदम लावली की मेन स्विच पडतो, सासूबाई इस्त्री करतायत आणि तुझी मीटिंग बंद पडली असं नको, लोड आधी वाढवून घ्या. एक आणखी, वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलीस की तू इथली टॅक्स रहिवासी होतेस, तो हिशोब पहिल्याच वर्षी नीट लाव, मी तीन वर्षं टाळला आणि नंतर निस्तरताना घाम फुटला.

जावईबापूंचं काय? चिकारांगला मेंटेनन्सचं काम जाणणाऱ्याला नोकरी मिळते, सिंगापूरचा अनुभव तर वजनदार. पण नीट बघ, कंत्राट पद्धत फार आहे. कायद्याने कंत्राट जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि प्रत्यक्षात वर्षा-वर्षाचे तुकडे. जाहिरातींत वय पंचवीसच्या आत असं सर्रास छापायचे, २०२५ मध्ये सरकारने त्याविरुद्ध परिपत्रक काढलं पण सवय एका परिपत्रकाने जात नाही. ते एकतीस वर्षांचे आहेत, म्हणजे ऑपरेटरच्या रांगेत नाही, टेक्निशियन किंवा सुपरवायझर म्हणूनच लागायला हवं. आणि मोठा कारखाना म्हणजे कायमची सोय असं समजू नका, मध्य जावात सुकोहार्जोची श्रीटेक्स ही केवढी कापड कंपनी, २०२५ च्या मार्चमध्ये बंद झाली आणि हजारो लोक एका दिवसात घरी बसले. त्यात आमच्या नात्यातले दोघं होते.

गावात त्यांनी काय करायचं याचं उत्तर मला खरंच सोपं वाटत नाही. पर्यटन आहे, इंद्रयंतीसारखे समुद्रकिनारे, गोवा पिंदुलची गुहा (गोवा म्हणजे इथे गुहाच), दक्षिण किनाऱ्याचा नवा रस्ता झाल्यापासून गाड्या वाढल्यात. पातुकजवळचं न्गलांगेरान गाव तर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या उत्तम गावांच्या यादीत आलं, तिथल्या तरुणांनी जुन्या ज्वालामुखीचा डोंगर, होमस्टे आणि कोकोपासून चॉकलेट अशी घडी बसवली, आणि गर्दी फार झाली तेव्हा स्वतःच तिकीट वाढवून माणसं कमी केली. मला ते गाव फार आवडतं. पण त्याच्याकडे बघून प्रत्येक वाडी होमस्टे बांधायला लागली आहे आणि पर्यटक शनिवार-रविवारी येतो, मंगळवारी कोणी नसतं. किनाऱ्यालगतची बरीच जमीन योग्याकार्ताच्या सुलतानाच्या मालकीची, तिथे टपरी टाकायची तरी राजवाड्याच्या परवानगीचा प्रश्न येतो. तेव्हा होमस्टे हे जोडधंदा म्हणून करा, कर्ज काढून नाही.

गावात स्वस्त पडतं, पण

सगळे म्हणतील गावात खर्चच नाही. खर्च आहे, फक्त तो बिलात दिसत नाही. त्याचं नाव न्युम्बांग. वाडीत कोणाचं लग्न, सुंता, बाळाचा विधी, मयत, प्रत्येक ठिकाणी पाकीट किंवा तांदूळ-साखर न्यायची, आणि कोणी किती दिलं हे घरोघरी वहीत लिहिलेलं असतं, कारण तेवढं परत करायचं असतं. आहेराची वही आपल्याकडेही होती, आजीच्या ट्रंकेत मी पाहिलीये, पण इथे लग्नाच्या मोसमात एका महिन्यात आठ-दहा ठिकाणी जावं लागतं, आणि हातात रोख नाही म्हणून कर्ज काढून पाकीट देणारी घरं मी पाहिलीत. तू परदेशी सून, तुझ्याकडे पैसा आहे असं गृहीत धरणार, पहिल्या वर्षीच सासूबाईंना विचारून आपली रक्कम ठरव आणि तीच सगळीकडे दे, एकाला जास्त दिलं की तो आकडा तुला चिकटला.

पैशापेक्षा वेळ जास्त जातो. लग्नघरी दोन-तीन दिवस आधीपासून बायकांनी स्वयंपाकाला जायचं त्याला रेवांग म्हणतात, पुरुषांनी मांडव घालायचा. रविवारी रस्ता साफ करायला केर्जा बाक्ती, मला हा शब्द कळला तेव्हा फार आनंद झाला होता, केर्जा म्हणजे कार्य आणि बाक्ती म्हणजे भक्ती. महिन्याची आरिसान म्हणजे आपली भिशी. रात्री पुरुषांची पाळीने राखण. या सगळ्याला नाही म्हणता येतं का? येतं, पण मग तुझ्या घरी अडचण आली की दार कोण वाजवणार. माझे सासरे पहाटे गेले तेव्हा मला एक फोन करावा लागला नाही. मशिदीच्या भोंग्यावर सांगितलं आणि तासाभरात अंगणात खुर्च्या, चुलीवर पाणी, कबर खोदायला माणसं, सगळं उभं. चिकारांगला आमच्या शेजारचे कोरियन कंपनीतले गृहस्थ वारले ते मला तिसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनकडून कळलं. दोन्ही मी पाहिलंय आणि रेवांगमध्ये गेलेले ते सगळे दिवस मला आता वाया गेलेले वाटत नाहीत, तेव्हा मात्र मी कुरकुरत कांदे सोललेत, खोटं कशाला सांगू.

तुझ्या ऑनलाइन कामाशी इथेच टक्कर होणार. घरात लॅपटॉपसमोर बसलेली बाई काम करतेय हे वाडीला पटत नाही, दारातून "म्बाक (म्हणजे ताई), चल ना" म्हणून हाक येणारच. जावईबापूंकडून दुकुहच्या बायकोला आणि आरटीला आधीच सांगून ठेव की साडेअकरा ते सात ऑफिस आहे. सकाळी नऊपर्यंत जाऊन कांदा-मिरची करून येत जा, तेवढं पुरतं. येणं महत्त्वाचं.

भाषेचं एक. बहासा इंडोनेशिया तू चार-सहा महिन्यांत शिकशील, क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, आणि सुआमी (नवरा, आपला स्वामी), इस्त्री (बायको, आपली स्त्री), पुत्रा, गुरू असे ओळखीचे शब्द पावलोपावली. पण वाडीत बोलतात जावानीज आणि तिच्यात पायऱ्या आहेत, बरोबरीच्यांशी न्गोको, मोठ्यांशी क्रोमो, शब्दच वेगळे. सासूशी न्गोकोत बोललीस तर ते "ए म्हातारे" म्हटल्यासारखं होतं. नवऱ्याचं ऐकून शिकू नकोस, तो आईशी एक आणि तुझ्याशी दुसरं बोलणार, तू चुकीचं उचलशील. शंका आली की बहासात बोल, त्यात कोणाचा अपमान होत नाही. चिकारांगला हा प्रश्नच नाही, तिथे सगळेच बाहेरचे.

पाणी

हे मी कमी शब्दांत सांगते पण सगळ्यात आधी तपासायचं तेच आहे. चुनखडी असल्यामुळे पाऊस पडला की पाणी सरळ खाली जातं, वर नदी नाही, जमिनीच्या पोटात नद्या आहेत. ब्रिबिनच्या गुहेत कार्ल्सरूहच्या जर्मन इंजिनियरांनी इथल्या लोकांबरोबर सुमारे शंभर मीटर खाली बांध घालून पाणी वर उचलायची योजना केली, नळ बऱ्याच वाड्यांत आले, पण नळ आहे आणि पाणी रोज आहे या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून प्रत्येक घराला पावसाचं पाणी साठवायची सिमेंटची टाकी असते. ती किती मोठी आहे, गळते का, छपराची पन्हळ नीट आहे का हे बघ. आमच्याकडे टाकी छोटी होती, सप्टेंबर संपताना टँकर मागवायचो, बाळाची दुपटी धुतलेल्या पाण्याने संडास, असं मी जतमध्ये लहानपणी केलं होतं आणि समुद्रापासून अर्ध्या तासावर परत तेच करेन असं कधी वाटलं नव्हतं. मोठी टाकी बांधणं हा गावात राहायला येण्याआधीचा पहिला खर्च धर, रंगरंगोटी नंतर.

चिकारांगला पाणी येतं, पिण्याचं गॅलन विकत. तिथला त्रास पावसाळ्यात, सखल कॉलन्यांत पाणी शिरतं, घर बघायला जाल तेव्हा शेजाऱ्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते बघा. आणि कोरड्या दिवसांत हवा. आमच्या मुलाचा खोकला इथे आल्यापासून सुरू झाला, गावी सुट्टीला गेलो की आठ दिवसांत थांबतो. हे मी वर पैशाच्या हिशोबात धरलं नाही, तू धर.

मूल, शाळा, दवाखाना

तुम्हाला मूल हवंय म्हणालीस म्हणून हे. पहिल्या पाच-सहा वर्षांसाठी मला वाडीसारखी जागा माहीत नाही. महिन्यातून एकदा पोस्यांदू, म्हणजे वाडीतल्याच बायका मुलांची वजनं घेतात, लस, खाऊ, आपल्या अंगणवाडीसारखं. दिवसभर मूल पाच घरांत फिरतं आणि पाच घरी जेवतं. दाई-नर्स म्हणजे बिदान प्रत्येक कालुराहानात असते, पुस्केस्मास म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र जवळ, साध्या बाळंतपणाला सोय चांगली, आणि २०१४ पासूनच्या बीपीजेएस या सरकारी आरोग्य विम्यावर खर्च नाहीसारखा. पण काही अडलं तर वोनोसारी आणि त्याहून अडलं तर घाट उतरून योग्याकार्ता. आमचा मुलगा दोन वर्षांचा असताना डेंग्यूने प्लेटलेट घसरल्या, जवळच्या एका दवाखान्यात दोन दिवस व्हायरल आहे म्हणून गोळ्या देत राहिले, मग रात्री एकाची गाडी मागून त्या घाटातून नेलं, ती रात्र मी अजून विसरले नाही. चिकारांगला बालरोगतज्ज्ञ दहा मिनिटांवर आहे. हा फरक कशानेच भरून निघत नाही.

शाळेचंही असंच. प्राथमिक शाळा वाडीत ठीक आहे, शिक्षक ओळखीचे, जानेवारी २०२५ पासून सरकारी मोफत जेवणाची योजनाही सुरू झालीये. पुढे वोनोसारीत बरी शाळा मिळते, आणि एवढी कोरडी, दगडी जमीन असूनही इथली मुलं गाजा मादा युनिव्हर्सिटीत पोचतात कारण ती योग्याकार्तातच आहे. म्हणजे गावात राहिलं म्हणजे शिक्षण बुडालं असं नाही. इंग्रजी मात्र घरी तूच शिकवायची, आणि मराठीही. चिकारांगला महागड्या इंग्रजी शाळा भरपूर, फी भरता भरता आमची बचत थांबली.

कागदपत्रं आणि जमीन

नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर राहण्याचा परवाना मिळतो, आणि लग्नाला दोन वर्षं झाली की कायम निवासी परवान्यासाठी अर्ज करता येतो. घर-जमिनीची पूर्ण मालकी, ज्याला हाक मिलिक म्हणतात, ती परदेशी माणसाला मिळत नाही, आणि नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जात असल्यामुळे तुझ्याशी लग्न केल्यामुळे जावईबापूंच्या नावावर जमीन घेतानाही अडचण येते. उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवल्याचा करार, आधी तो लग्नाआधीच करावा लागायचा, घटना न्यायालयाच्या निकालानंतर आता लग्नानंतरही नोटरीकडे करता येतो. गाव घ्या की चिकारांग, हा करार पहिल्या महिन्यात करा. गावात जमीन वडिलोपार्जित आहे म्हणून "कागद कशाला" असं म्हणतील. भावाभावांत वाटणीपत्र झालंय का ते प्रेमाने पण नक्की विचार, तुम्ही घर बांधल्यावर दुबईहून दीर आला असं नको. मुलाच्या नागरिकत्वाबद्दल, इंडोनेशिया वयाच्या अठरापर्यंत दोन्ही ठेवू देतो पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा जन्माआधीच आपल्या दूतावासात विचारून घे.

गावाचं पुढे काय होईल

लोक म्हणतात गावं संपली. मला तसं दिसत नाही. २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर २०१५ पासून केंद्राचा पैसा थेट गावाच्या खात्यात येतो, २०२५ मध्ये सरासरी एका गावाला एक मिलियार रुपियाच्या आसपास आला, म्हणजे आपले पन्नासएक लाख. मी आले तेव्हा आमच्या वाडीचा रस्ता दगडांचा होता, सहा वर्षांत काँक्रीटचा झाला, टाक्या झाल्या, पोस्यांदूला खोली झाली. त्याचबरोबर लुराहच्या निवडणुकीत चुरस आली आणि त्यांची मुदत २०२४ मध्ये आठ वर्षांची केली, म्हणजे चुकीचा माणूस निवडला तर आठ वर्षं भोगा. २०२५ मध्ये गावोगावी सहकारी संस्था काढायची मोठी सरकारी मोहीम सुरू झाली, ८० हजारांचं लक्ष्य होतं, सहकाराचं बरंवाईट पाहिलेल्या सांगलीकरणीला त्याबद्दल लगेच काही बोलवत नाही. पण हिशोब ठेवता येणाऱ्या माणसाची या संस्थांना, गावाच्या कंपन्यांना फार गरज आहे, आणि तू अकाउंटंट आहेस. पगाराची अपेक्षा ठेवू नकोस, परवान्याचे नियम बघ, पण मदत म्हणून वही नीट लावून दिलीस तरी वाडीत तुझी जागा तयार होईल, परदेशी सून म्हणून नाही, तुझी स्वतःची.

आणि रासुलान. सुगीनंतर वाडीची जत्रा, घराघरात जेवणं, दारात आलेल्या अनोळखी माणसालाही ताट, रात्रभर वायांग, म्हणजे पडद्यावरचा सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. पडद्यामागून अर्जुन येतो, भीम येतो, त्याला हे वेर्कुदारा म्हणतात, म्हणजे आपला वृकोदर. पहिल्या वर्षी मला भाषा कळत नव्हती पण गोष्ट कळत होती, मी पहाटे चारपर्यंत सासूच्या शालीत बसून होते. चिकारांगला असं काही नाही. तिथे मॉल आहे, जकार्ताच्या पासार बारू बाजारातून भारतीय वाणसामान आणता येतं, चार मराठी घरं आहेत, गणपतीला भेटतो.

खाण्याचं वेगळं लिहायला नको, नारळ, भात, गूळ (माडाचा), फणसाची भाजी, तुला रुळायला वेळ लागणार नाही. शाकाहारी राहायचं असेल तर एकच सांगते, मिरचीच्या सांबालात म्हणजे चटणीत तेरासी म्हणजे वाळल्या कोळंबीचा गोळा असतो आणि भाजी विचारली तर "नाही, मांस नाही" असंच सांगतील, कारण त्यांच्या लेखी ते मांस नाहीच. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, ती घरी तळून घे.

तर असं कर. विमान बुक करायचंच आहे तर सप्टेंबरच्या शेवटी या, २०२३ पासून मुंबई-जकार्ता थेट विमान झालंय. आधी चार दिवस माझ्याकडे चिकारांगला राहा, संध्याकाळी शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावर उभी राहून बघ आणि दोन घरं बघून घे. मग वोनोसारीच्या रात्रीच्या बसने गावी जा आणि पूर्ण तीन आठवडे राहा, पाहुणी म्हणून नाही, लॅपटॉप उघडून, रोजचं ऑफिस करून, टाकीतलं पाणी मोजून. पावसात गेलीस तर हिरव्यागार टेकड्या बघून हो म्हणशील आणि मग पुढचा उन्हाळा मला फोन करून रडशील. येताना हिंग आण, माझा संपलाय, गावात मिळत नाही.